नव्या इमारतीत भाड्याने घर घेताना : करार, कागदपत्रे आणि आपले हक्क

शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुंबई-पुण्यात आलेले आपले अनेक तरुण नव्या इमारतीत फ्लॅट शोधतात. फोनवर सगळे ठरते, आडनाव विचारले जाते आणि "घर दुसऱ्याला दिले" असे उत्तर येते. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले होते. २०१५ मध्ये प्रा. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर मिळणे-न मिळणे जात आणि धर्मावर अवलंबून असल्याचे त्यातही दिसले. म्हणून घर शोधणाऱ्याला आणि कार्यकर्त्यांना पुढील गोष्टी माहीत असाव्यात.

इमारत तपासा

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळाले आहे का, हे आधी विचारा. ते नसताना राहायला जाणे नियमाला धरून नाही; अशा ठिकाणी अनेकदा नळाचे पाणी नसते, टँकरवर भागवावे लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने माहिती पाहता येते. सोसायटी स्थापन झालेली नसेल तर देखभाल खर्च बिल्डर घेतो. तो मालक भरणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या. ताबा घेताना ओल, नळ, फरशी, दरवाजे यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. पुढे डिपॉझिट कापण्याचा वाद टळतो.

करार नोंदवाच

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. भाडे २०,००० रुपये, डिपॉझिट १ लाख आणि मुदत ११ महिने असेल, तर एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील १० टक्के वार्षिक व्याज धरून ते पावणेसहाशे रुपयांच्या आसपास येते. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते.

"सोसायटी एनओसी देत नाही" हे कारणही तपासून घ्या. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना द्यावी लागते.

जातीवरून नकार मिळाल्यास

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडवणे हा गुन्हा ठरवते. शिक्षा १ ते ६ महिने कैद आणि दंड. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय कलम १२ नुसार गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते. लोकांसमोर जातीवाचक शिवीगाळ वा अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. १९९० पासून बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश आहे, त्यामुळे जात प्रमाणपत्र जवळ ठेवा.

मर्यादाही समजून घ्या. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेल, विहिरी आहेत. खासगी घरे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध मानली. "फक्त शाकाहारी" या अटीमागची जात सिद्ध करणे तर आणखी कठीण.

म्हणूनच पुरावा महत्त्वाचा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅप संदेश, कॉलची तारीख-वेळ, सोबत असलेल्यांची नावे जपा. आडनाव कळण्याआधीचे आणि नंतरचे उत्तर दोन्ही हाती असेल तर तक्रार भक्कम होते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

बहुतेक तरुण नकार गिळून दुसरे घर शोधतात, कारण त्यांना त्याच आठवड्यात कामावर रुजू व्हायचे असते. वस्तीतील विहारांनी आणि विद्यार्थी संघटनांनी अशा नकारांची नोंदवही ठेवली, तर एकट्याचा अनुभव समाजाची तक्रार म्हणून मांडता येईल.