पँथर, गोरा ड्रमवाला आणि स्लाय

आपल्या पोरांना ब्लॅक पँथर तोंडपाठ. ओकलंड, १९६६, काळं जाकीट. त्यावरूनच १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव आलं. पण त्याच १९६६ साली, त्याच खाडीच्या दुसऱ्या काठावर सॅन फ्रान्सिस्कोत एक बँड उभा राहिला, त्याचं नाव आपल्यात कुणी काढत नाही. म्हणून मी काढतोय.

स्लाय अँड द फॅमिली स्टोन. काळे-गोरे, बाया-पुरुष एका स्टेजवर. बायाही नुसत्या कोरसला नव्हेत, सिंथिया रॉबिन्सन ट्रंपेट फुंकायची. ड्रमवर ग्रेग एरिको, सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी, हे दोघे गोरे. बेसवर लॅरी ग्रॅहम. हा गडी आधी आईबरोबर वाजवायचा. जोडीला ड्रमवाला नाही, म्हणून पठ्ठ्यानं अंगठा तारेवर आपटून ठोका काढला, बोटानं तार ओढून दुसरा. पुढं जग तसं वाजवायला लागलं. वस्तीत पत्र्याचा डबा बडवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९६९ला वूडस्टॉकमध्ये या बँडनं भर रात्री झोपलेली गर्दी उठवली. त्याच डिसेंबरात शिकागोत पोलिसांनी पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनला पहाटे बिछान्यातच गोळ्या घातल्या. अशा दिवसांत पँथरवाल्यांकडून स्लायवर दबाव आला असं सांगतात: गोऱ्यांना काढ, काळ्यांना घे. त्यांचा संताप मला कळतो. स्लायनं ऐकलं नाही, तेही मला पटतं. आपल्यात १९७४ साली मार्क्स की बुद्ध यावरून फूट पडली, तेव्हाही कोण आत, कोण बाहेर हाच घोळ होता.

पण एरिकोला कुणी काढलाच नाही. घरात कोकेन शिरलं होतं, कार्यक्रम ठरायचे आणि स्लाय यायचाच नाही. १९७१ला एरिको वैतागून आपणच गेला. त्याच्या जागी स्लायनं ठोका देणारं मशीन लावलं, बरीच वाद्यं एकट्यानंच वाजवली. टेप पुसायची, पुन्हा भरायची. टेप झिजली, आवाज मातकट झाला. नोव्हेंबर १९७१ला 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' आली. आधीच्या गाण्यांत मोर्चाचा दणका होता, इथं बंद खोलीतली कुजबुज. तरी मला हीच रेकॉर्ड खरी वाटते. माणसं मारली गेल्यावर आवाज असाच निघतो. कव्हरवर अमेरिकेचा झेंडा, पण निळ्याच्या जागी काळा. निळा काढला म्हणून मला क्षणभर टोचलं, खोटं कशाला बोलू!

१९७२ला ग्रॅहमही गेला, तो भांडून. १९७३च्या 'फ्रेश'ला ड्रमवर पुन्हा एक गोराच, अँडी न्यूमार्क. जानेवारी १९७५ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटीत खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि बँड मोडला. स्लाय जगला २०२५पर्यंत.

त्या १९७१च्या रेकॉर्डवर दंगलीच्या नावाचं गाणंही छापलंय. लांबी शून्य मिनिटं, शून्य सेकंद. सुई पुढं सरकते, आवाज येत नाही.