साडेतीन मिलिमीटरचे भोक

हेडफोनच्या पिनेचे मूळ घराणे टेलिफोनचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेलिफोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर फळ्यावरच्या एका छिद्रातली पिन उपसून दुसऱ्यात खोचीत आणि दोन माणसांचे बोलणे जुळवून देत. त्या पाव इंची पिनेचे साडेतीन मिलिमीटरचे धाकटे भावंड पुढे ट्रान्झिस्टर रेडिओत शिरले आणि १९७९ पासून सोनीच्या वॉकमनबरोबर जगभर हिंडले.

या पिनेची थोरवी तिच्या अडाणीपणात आहे, असे आम्हांस वाटते. ती केवळ विजेची कमीअधिक होणारी लहर वाहून नेते. समोरचे यंत्र कोणत्या कंपनीचे, हे तिला कळतच नाही. त्यामुळे यंत्रे बदलली तरी हेडफोन तोच चालत राहिला.

मोबाईल फोनने हा समाईक पाणवठा मोडला. नोकियाचे पॉप-पोर्ट वेगळे, सोनी एरिक्सनचे फास्टपोर्ट वेगळे. २००७ च्या पहिल्या आयफोनला साडेतीन मिलिमीटरचे भोक होते खरे, पण ते इतके खोलात बसवलेले, की अनेक हेडफोनांच्या जाड बुंध्याच्या पिना आत पुरत्या बसत नसत. (दार उघडे, पण उंबरठा छातीएवढा!) खुल्या पिनेच्या घरातही भांडण होतेच. माइकसाठी तिच्यावर चौथे कडे आले, तेव्हा माइक आणि अर्थिंग यांच्या जागा दोन तऱ्हांनी ठरल्या. चुकीच्या जोडीत वाद्ये ऐकू येत आणि गायक मात्र दूर कोठेतरी गेल्यासारखा वाटे. माइकचे बटण दाबून धरले की तो परत येई.

२०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हे भोक काढून टाकले. फिल शिलर यांनी व्यासपीठावरून त्यास 'धैर्य' म्हटले. आतल्या जागेचे कारण खोटे नव्हते. परंतु उरलेले लायटनिंग पोर्ट ॲपलच्या मालकीचे होते, आणि बिनतारी एअरपॉड्स त्याच दिवशी जाहीर झाले. सॅमसंगने २०१७ च्या जाहिरातीत या गोष्टीची थट्टा केली आणि २०१९ च्या गॅलेक्सी नोट १० मधून स्वतःही भोक काढले.

पुढे युरोपीय संघाने कायदा केला. २०२३ च्या आयफोन १५ ला यूएसबी-सी आले. २८ डिसेंबर २०२४ पासून संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना ते बंधनकारक झाले. मात्र हा कायदा चार्जिंगचा आहे, कानांचा नव्हे. यूएसबी-सी पोर्टातून काही फोन जुन्या पिनेसारखी तयार लहर बाहेर पाठवतात. इतर फोन केवळ आकडे पाठवतात आणि त्यांचा आवाज करणारी चिप जोडपिनेत असावी लागते. ती नसलेली जोडपिन एका फोनवर गाते, दुसऱ्यावर मुकी राहते. आकार तोच, घट्ट बसतेही.

आमच्या खणात अशा दोन जोडपिना आहेत. कोणती कोणाची, हे आम्ही चिकटपट्टीवर लिहून ठेवले आहे.