समष्टीचे उधाण आणि व्यक्ती

स्वतःच्या मर्यादा ओलांडून समष्टीशी एकरूप व्हावे, हा विचार उदात्त खराच. पण त्याची कसोटी शांततेच्या काळात लागत नाही. पहिल्या महायुद्धाने फ्रान्समधील दोन विचारवंतांना या कसोटीला उभे केले.

समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९३ साली ‘सामूहिक जाणीव’ ही संकल्पना मांडली. १९१२ च्या धर्मविषयक ग्रंथात ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या विधींचा आधार घेऊन ते म्हणाले, की माणसे एकत्र जमली म्हणजे त्यांच्यात एक उधाण येते. त्या उधाणात व्यक्तीला आपल्याहून थोर शक्तीचा प्रत्यय येतो. या शक्तीला ती दैवी मानते, परंतु वस्तुतः ती शक्ती समाजाचीच असते. दोनच वर्षांनी युद्ध पेटले आणि या उधाणाचे भाष्यकार स्वतःच जर्मनीविरोधी पुस्तिका लिहू लागले. १९१५ च्या अखेरीस त्यांचा मुलगा आंद्रे बाल्कन आघाडीवर मरण पावला. त्या आघातातून दुर्खीम सावरले नाहीत. १९१७ साली वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच युद्धात पिएर तेइलार द शार्दँ हे जेझुइट धर्मगुरू जखमींना वाहून नेण्याचे काम करीत होते. त्यांचे दोन भाऊ युद्धात गेले. तरीही १९१७ च्या एका निबंधात त्यांनी आघाडीविषयीची ओढ व्यक्त केली; तेथे माणूस आपल्या क्षुद्र ‘मी’च्या पलीकडे जातो, असे त्यांना जाणवले होते. पुढे पृथ्वीभोवती विचारांचे एक आवरण तयार होत आहे, ही त्यांची कल्पना विकसित झाली. तिची सविस्तर मांडणी करणारा ग्रंथ चर्चने अनुमती नाकारल्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतर, १९५५ साली, प्रसिद्ध झाला. १९६१ साली जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी त्यावर कठोर टीका केली. विज्ञान म्हणून ती मांडणी टिकत नाही, हे मान्य करावे लागते.

तरीही तेइलार यांचे एक सूत्र मोलाचे आहे. खरे ऐक्य व्यक्तीला पुसून टाकत नाही, उलट तिचे वेगळेपण अधिक ठळक करते, असे ते मानत. हुकूमशाहीतील एकजूट त्यांना या तत्त्वाची विकृती वाटे. दुर्खीम यांनी उधाणाचे मूळ दाखवले, पण तेच उधाण प्रार्थनेकडे नेते तसेच संहाराकडेही. त्यांतील भेद ओळखण्याची खूण तेइलार यांच्या सूत्रात सापडते. समूहातून परतलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा उरली आहे काय, एवढेच पाहावे. ती उरली नसेल, तर ज्याला आपण आत्मोल्लंघन म्हणतो ते केवळ आत्मलोप असते.