बट्टा, पारख आणि वाजवी मोल

एखाद्याच्या नावाला ‘बट्टा लागला’ असे आपण सहज म्हणून जातो. सराफाच्या पेढीवरची एक जुनी रीत या बोलण्यात टिकून आहे, याचे भान मात्र क्वचितच असते. नाणे झिजलेले असेल, त्यात हीण अधिक असेल किंवा ते परमुलुखातल्या टांकसाळीचे असेल, तर बदलून घेताना जी रक्कम कापली जाई, तिला बट्टा म्हणत. पेशवाईच्या काळात या प्रदेशात चांदवडी, अंकुशी, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. त्यामुळे रुपयाची किंमत केवळ त्यावरच्या छापावर ठरत नसे. ती ठरे सराफाच्या तराजूवर आणि त्याच्या कानावर. ‘खणखणीत’, ‘बंदा’, ‘कसाला उतरलेले’ ही विशेषणे आपण माणसांना लावतो, पण त्यांचे माहेर ही पेढीच आहे.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी एकसारखा रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. यंत्रावर पाडलेल्या या रुपयाला लोकांनी ‘कलदार’ म्हटले. पुढे त्याच्या राज्यात बट्ट्याचे महत्त्व ओसरत गेले. निजामाच्या मराठवाड्यात मात्र हाली सिक्का विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. तेथे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब व्यवहारात रुळलेला होता.

आज हेच कलदार रुपये जुन्या नाण्यांच्या दुकानांत विकायला असतात आणि बट्ट्याचा प्रश्न उलटा होऊन समोर येतो. पूर्वी दर्शनी किमतीतून किती वजा करायचे, हे ठरवावे लागे. आता चांदीच्या भावावर किती अधिक द्यायचे, हे ठरवावे लागते.

या हिशेबाची पहिली पायरी धातूची. १८३५ च्या प्रमाणाच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० पासून युद्धकाळात हे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या रुपयात जेमतेम ५.८ ग्रॅम चांदी उरली. १९४७ सालचा रुपया तर निकेलचा आहे. हे रुपये दिसायला सारखेच वाटतात, पण धातूच्या मोलात फार अंतर आहे. सन न वाचता सर्वांना एकच भाव लावणारा गिऱ्हाईक फसतो, यात नवल नाही.

दुसरी पायरी दुर्मिळतेची. जुनेपणा आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी होत. व्हिक्टोरिया राणीच्या काही सालांचे रुपये दीडशे वर्षांचे असूनही विपुल मिळतात. त्यांच्यासाठी भावावर थोडेच अधिक देणे रास्त ठरते. उलट १९११ सालचा पाचव्या जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि पुढल्या वर्षी चित्र सुधारले. जी थोडी वाचली, त्यांचे मोल धातूच्या कितीतरी पट झाले.

तिसरी पायरी स्थितीची. चिंच लावून चकचकीत केलेले किंवा माळेसाठी कडी डाखलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने मोल गमावते. रामदरबाराचे चित्र आणि १८१८ हा सन मिरवणारी ‘कंपनीची’ नाणी तर कंपनीच्या टांकसाळीतून कधी निघालेलीच नाहीत. त्यांना ऐतिहासिक नाण्याचे मोल देण्याचे कारणच नाही.

या तिन्ही पायऱ्यांवर जाणत्या व्यापाऱ्याची पारख उभी असते. तो खरेपणाची हमी देतो, नाणे वर्षानुवर्षे सांभाळतो. त्याचा योग्य नफा ही या विद्येची बिदागी आहे, असे आम्ही मानतो. मात्र हीच विद्या त्याने विकायला येणाऱ्यापुढेही झाकून ठेवू नये. घरातले रुपये अडचणीपायी मोडणाऱ्याला केवळ वजनाचा भाव देणे आणि तेच नाणे दुर्मिळ म्हणून दुसऱ्याला विकणे, याला व्यापार म्हणणे आम्हाला जड जाते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या भावतोलात का पडावे? याचे उत्तर आमच्या मते जोगळटेंभीच्या ठेव्यात आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावी नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला, याचा हा ढळढळीत पुरावा. ही नाणी सुटी होऊन मुशीत गेली असती, तर चांदीचा एक कणही कमी झाला नसता. नाहीसा झाला असता तो इतिहास.

नाणे धातूच्याच भावाने विकले जाते, तेव्हा ते वितळवण्यात कुणाचेच नुकसान नसते. चांदी महागली की मूस अधिक जवळ येते. धातूच्या वर दिलेले चार रुपये नाण्याला त्या मुशीपासून दूर ठेवतात. पण नाणे कोठून आले, हे विचारल्यावाचून मोजलेला पैसा जमिनीखालचे ठेवे गुपचूप फोडणाऱ्यालाही बळ देतो. दहा रुपयांवरच्या मोलाचे निखात धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते. म्हणून वाजवी मोलात चौकशीचाही वाटा आम्ही धरतो. नाण्याचा ठावठिकाणा सांगू न शकणाऱ्या सौद्यात, भाव कितीही उतरला तरी, बट्टा घेणाऱ्यालाच लागतो.