न लिहिलेल्या ग्रंथाचे वर्गणीदार

डोक्याला उपरणं घट्ट गुंडाळा, कानांवरून घ्या. मे महिना आहे, नागपूरचं ऊन मी म्हणतंय आणि तुम्हाला सदरहून बर्डीपर्यंत दारं ठोठावत जायचंय. रस्ता तुमच्या ओळखीचाच आहे, रेसिडेन्सी रोड. फक्त वर उड्डाणपूल नाही, हॉर्न नाहीत आणि पायाखाली तापलेली धूळ आहे. साल 1916च्या आसपासचं. भिश्ती नुकताच पाणी मारून गेलाय, त्या ओल्या मातीच्या वासात घोड्यांच्या लिदीचा वास मिसळलाय, आणि साहेबलोकांसाठी पाव भाजणाऱ्या भट्टीची धग एका बाजूनं अंगावर येतेय. तेवढ्यात एक बग्गी अशी जवळून जाते की तुम्ही भिंतीला चिकटता. भिंतही पोळते.

खांद्यावरची पिशवी सांभाळा. तिच्यात माहितीपत्रकं आणि कोरे फॉर्म आहेत, ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’चे. आपल्या नागपुरात उभी राहिलेली ही ग्रंथ छापणारी कंपनी. तिचं भांडवल लोकांच्या खिशात आहे, ते तुम्ही काढून आणायचं. आणि ग्रंथ? तो अजून लिहिलाच गेलेला नाही.

पहिलं दार सदरमधलंच. सेक्रेटरिएटातले हेडक्लार्क जेवून आडवे झालेत. माहितीपत्रक उलटंपालटं करून बघतात, कागद चांगला आहे म्हणतात आणि त्यानंच वारा घेतात. लढाईमुळं महागाई, पोरीचं लग्न. “दिवाळीनंतर या, बाप्पा.” तुम्ही नमस्कार करून निघता.

बर्डीवर वकिलांच्या ओसरीत पाऊल टाका. दाराला वाळ्याचा ओला पडदा, आत मातीचा गारवा. पंखेवाला पोरगा पेंगतोय, दोरी मात्र पायाला बांधलेली. माठातलं पाणी आधी घटाघट प्या, मग बोला.

“बसा जी. ग्रंथ दाखवा.”

“ग्रंथ व्हायचाय, वकीलसाहेब.”

“लिहिणार कोण?”

“डॉक्टर केतकर. रायपूरचा जन्म, अमरावतीत वाढले. अमेरिकेत कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन आलेत.”

वकीलसाहेब कपाटाकडं बोट करतात. कातडी पाठीचे इंग्रजी खंड रांगेत उभे. “सारं जग यात आहे. मग हे कशाला?”

“त्यात आपला तुकाराम किती ओळींत आहे, एकदा काढून बघता का?”

ते उठतात. पानं चाळतात, चष्मा पुसतात, पुन्हा चाळतात. बोलत काहीच नाहीत. मग टाक दौतीत बुडवून एका शेअरवर सही करतात. फॉर्म घ्यायला वाकाल तेव्हा कपाळावरचा घाम सहीवर पडू देऊ नका.

तुम्हाला वाटेल, ही हमालाची कामं, विद्वानाचा काय संबंध? पण डॉक्टर स्वतःही हीच पायपीट करताहेत. बत्तीस वर्षांचा हा माणूस गावोगाव जाऊन लोकांना पटवतोय की मराठीत जगाचं ज्ञान मावतं. त्यांची विद्वत्ता पुढं सगळ्यांनी वाखाणली. माझा जीव मात्र या उन्हातल्या फिरण्यावर जास्त आहे. त्याच्याशिवाय एक पानही छापून झालं नसतं.

आता उडी मारा, पुण्याला. कंपनीनं नागपूरचं बिऱ्हाड हलवलंय आणि स्वतःचा छापखाना थाटलाय. नाकात शाई आणि रॉकेल एकदमच शिरतं. यंत्राची धडधड तळपायांतून वर चढते. जुळाऱ्याच्या मागं उभे राहा, पण त्याच्या उजेडात येऊ नका. समोर खणाखणांची लाकडी केस. इंग्रजीचं थोडक्या खिळ्यांत भागतं, इथं जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, प्रत्येकाचा खण वेगळा. बोटं न बघता जातात. खिळा उचलला की अंगठा त्याच्या खाचेवरून फिरतो, सुलटा की उलटा ते तिथंच कळतं. ओळ उलटी उभी राहते आणि तो ती सरळ वाचल्यासारखी वाचतो. बोटांची टोकं शिशानं काळी. त्याच बोटांनी भाकरी मोडू नको, असं त्याला सांगा हवं तर.

पलीकडच्या खोलीत केतकरांचे सहकारी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे कागदांच्या ढिगांत बसलेत. तिथली धास्ती वेगळी. पहिले 5 खंड प्रस्तावनेचे, ते विषयवार निघाले. पण सहाव्यापासून अकारविल्हे. एका अक्षराचा खंड छापून बाहेर पडला की त्या अक्षराचं दार बंद. उशिरा आलेला लेख कितीही चांगला असो, त्याला जागा कुठं द्यायची? म्हणून कोणी ना कोणी सतत ओरडतंय, लेख कुठाय, प्रूफ कुठाय. वर्गणीचा हप्ता आला तर कागद, कागद आला तर फर्मा.

1920 साली सुरू झालेली ही छपाई सात-आठ वर्षांत 23 खंडांपर्यंत पोचते. तुम्ही दमलात? केतकरांनी हिशेब मांडून ‘माझे बारा वर्षांचे काम’ नावाचं पुस्तकच लिहिलं. खंड पुरे झाले तसं मंडळाचं कामही सरलं. केतकरांच्या हाती पैसा उरला नाही, 1937 साली ते गेले तेही ओढाताणीतच. कंपनी संपली, तिथं तयार झालेली माणसं मात्र घरी बसली नाहीत. दाते-कर्व्यांनी पुढं ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड काढले, मग ‘सुलभ विश्वकोश’.

पण ते नंतरचं. आत्ता मराठीचा शेवटचा फर्मा यंत्रावरून उतरलाय, आणि डॉक्टर पुन्हा पिशवी भरताहेत. आता गुजराती ज्ञानकोश काढायचाय. तोही अजून लिहिलेला नाही. तिकडंही दारं ठोठावायला माणसं लागतील. उपरणं आणलंत ना?