साडेचार मीटरची केबल : डेबकॉन्फच्या चित्रीकरणाची गोष्ट

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आधीच विचारलं, की परिषदेसाठी कॅमेरे कुठले घ्यायचे याला कसला आलाय इतिहास? आहे, चांगला वीस वर्षांचा आहे. आपण तो एका परिषदेच्या आधाराने पाहू, कारण तिची बरीचशी चित्रणं आज कुणालाही मोफत पाहता येतात.

डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली १९९३ मध्ये सुरू झाली. ती बनवणारे जगभर विखुरलेले, आणि बहुतेक सगळे स्वयंसेवक. २००० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला त्यांची पहिली परिषद भरली, तीच डेबकॉन्फ. तेव्हापासून ती दरवर्षी नव्या गावी जाते. म्हणजे सभागृह दरवर्षी नवं, वीजजोडणी नवी, आणि कॅमेऱ्यामागे उभा राहणारा माणूस पेशाने प्रोग्रॅमर. दुपारपर्यंत तो श्रोता असतो, दुपारनंतर कॅमेरामन.

मग चित्रीकरणाचा खटाटोप कशासाठी? कारण ज्याला व्हिसा मिळाला नाही, तिकिटाचे पैसे जमले नाहीत, घरी लहान मूल आहे, तोही या प्रकल्पाचा तितकाच भाग असतो. निर्णयांची चर्चा सभागृहात होणार आणि तो बाहेर राहणार, हे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून नुसतं ध्वनिचित्रण पुरेसं नव्हतं, थेट प्रक्षेपण हवं होतं. घरी बसलेल्याने चॅटवर प्रश्न टाकायचा आणि सभागृहातल्या कुणीतरी तो माइकवर वाचून दाखवायचा, अशी पद्धत रुळली. प्रक्षेपण पाच मिनिटं बंद पडलं, तर त्या माणसाची पाच मिनिटं गेलीच. नंतर फाइल मिळून उपयोग नाही. पुढच्या सगळ्या निवडींमागे हा एक धाक आहे, तो लक्षात असू द्या.

२००५ च्या हेलसिंकी परिषदेच्या काळात स्वयंसेवकांच्या आवाक्यातला कॅमेरा म्हणजे डीव्ही कॅमेरा. आपल्याकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या खांद्यावर तेव्हा सोनीचा पीडी १७० दिसायचा, त्याच कुळातला. या डीव्हीमध्ये दोन गुण असे होते, की संगणकवाल्यांना तो आवडावाच. पहिला असा, की त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असते, मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून नसते. त्यामुळे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर कुठल्याही क्षणी उडी मारता येते, आणि साध्या संगणकालाही ते झेपतं. दुसरा गुण म्हणजे आवाज चित्राबरोबर त्याच प्रवाहात येतो. चांगल्या डीव्ही कॅमेऱ्याला एक्सएलआर माइकची खाच असायची. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेची वायर तिथे खोचली, की ओठ आणि शब्द जुळलेच. कॅमेरा निवडताना लोक लेन्स बघतात. ही मंडळी आधी ती खाच बघायची, आणि आमच्या मते बरोबर करायची. अंधूक चित्रातलं व्याख्यान माणूस तासभर ऐकतो, खरखरणारं दोन मिनिटंही ऐकत नाही.

अडचण होती वायरीची. डीव्ही कॅमेरा संगणकाला जोडतात तो फायरवायरने, आणि ठरलेल्या मापानुसार त्या केबलची लांबी साडेचार मीटर. सभागृह असतं वीस-तीस मीटरचं! कॅमेरा मागे, वक्ता पुढे, मिक्सिंगचं टेबल कोपऱ्यात. टीव्हीवाल्यांकडे याला उत्तर होतं, पण त्याची किंमत टीव्हीवाल्यांनाच परवडणारी.

मग २००७ च्या सुमारास या मंडळींनी स्वतःच डीव्हीस्विच नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. कल्पना साधी होती. प्रत्येक कॅमेऱ्याशेजारी एक जुना लॅपटॉप ठेवायचा. फायरवायरने चित्र त्यात घ्यायचं आणि पुढे साध्या नेटवर्क केबलने मिक्सिंगच्या टेबलाकडे पाठवायचं. नेटवर्कची केबल शंभर मीटर जाते आणि कुठल्याही गावात मिळते. आवाजासकट एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला साधारण २९ मेगाबिट, म्हणजे १०० मेगाबिटच्या स्वस्त स्विचवर तीन कॅमेरे कसेबसे बसतात. टेबलावरचा स्वयंसेवक पडद्यावर तिन्ही चित्रं बघतो आणि कुठलं बाहेर जाईल ते ठरवतो. अर्ध्या तासात शिकता येतं.

साठवणुकीचा हिशेब मात्र भारी पडायचा. डीव्हीचा एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी. दोन सभागृहं, रोज आठ तास, सात दिवस धरा: दीड टीबीच्या आसपास. आणि एक टीबीची पहिली हार्ड डिस्क बाजारात आली तीच २००७ मध्ये.

प्रक्षेपणाचा फॉरमॅट कुठला, हा प्रश्न तत्त्वाचा होता. एच.२६४ ची चित्रं उजवी होती, पण त्यावर पेटंटचा बोजा. मुक्त सॉफ्टवेअरची परिषद पाहायला बंदिस्त फॉरमॅट लागावा, हे डेबियनला पटणारं नव्हतं. त्यांनी थिओरा घेतला. चित्र थोडं मऊ आलं, तरी चालेल म्हणाले. २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ ने थिओरा आत घेतला, तेव्हा त्या हट्टाला थोडं फळ आलं. पुढे २०१० मध्ये गूगलने वेबएम खुला केला आणि हा वाद बराच निवळला.

डीव्हीचा काळ सरला तो दुसऱ्याच कारणाने. वक्त्याच्या लॅपटॉपवरच्या स्लाइडही याच यंत्रणेतून जायच्या, म्हणजे त्यांचं ७२० बाय ५७६ च्या चौकटीत लोणचं व्हायचं. चेहरा त्यात चालतो. पण प्रोग्रॅमच्या ओळी? त्या वाचताच येईनात. आणि नव्या लॅपटॉपवरून फायरवायरची खाचही नाहीशी होत गेली.

इथे सोपा मोह होता एचडीएमआयचा, आणि फोटोच्या कॅमेऱ्यांचा. त्या मोहात बरेच आयोजक अडकले. फोटोच्या अनेक कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबायचं. युरोपात तीस मिनिटं किंवा अधिक चित्रीकरण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जादा जकात बसायची, त्याचा हा परिणाम. काही कॅमेरे एचडीएमआयमधून बॅटरीचं चिन्हही पाठवतात. आणि ती केबल दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची नाही, शिवाय नुसता पाय लागला तरी निघते. या व्याख्यानमालेत आमचंही एकदा तसंच झालं. अध्यक्षांचं अर्धं भाषण काळ्या पडद्यावर गेलं. एसडीआयची वायर शंभर मीटरपर्यंत जाते आणि तिचं बीएनसी टोक फिरवून अडकवता येतं. महाग असूनही डेबकॉन्फची टीम मोठ्या सभागृहासाठी एसडीआय कॅमेऱ्यांकडे वळली, ती यासाठी.

स्लाइडसाठी ओप्सिस नावाचा बोर्ड आला. त्याचा आराखडा खुला, पैसा २०१५ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिलेला, आणि तयार करणारी कंपनी बेंगळुरूची न्यूमॅटो लॅब. मिक्सिंगला डीव्हीस्विचऐवजी जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या स्वयंसेवकांचं व्हॉक्टोमिक्स आलं. ते चित्र न दाबता हाताळतं. ७२० ओळींचं, सेकंदाला २५ फ्रेमचं असं कच्चं चित्र धरलं, तर होतात सुमारे २७६ मेगाबिट, एका कॅमेऱ्याचे. दहा वर्षांपूर्वी जो स्विच तीन कॅमेरे ओढायचा, त्याला आता एकही झेपेना.

२०२० मध्ये परिषद इस्रायलमध्ये हैफाला व्हायची होती. कोविड आला आणि ती पूर्णपणे ऑनलाइन झाली. सभागृहच नाही, तर कॅमेरा कुठे ठेवणार? पण व्हॉक्टोमिक्स, प्रक्षेपणाचे सर्व्हर, प्रश्न वाचून दाखवायची सवय, हे सगळं हाताशी होतं. पंधरा वर्षं दूरच्या माणसासाठी जे उभं केलं होतं, त्यावर आता सगळेच दूरचे झाले.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबकॉन्फ भारतात, कोचीला भरली. तिथल्या चित्रणांच्या फाइली हेलसिंकीच्या फाइलींशेजारी डेबियनच्या खुल्या संग्रहात आहेत. आता फाइल तिथे पोचण्याआधी वक्त्याला एक इमेल जाते: तुमचं व्याख्यान कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि आवाज नीट आहे का, ते बघा. ते तपासायलाही शेवटी स्वयंसेवकच.

बरं, आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन असलेल्यांचे आधी.