हजेरीचे गुन्हे

हजेरीचे गुन्हे : सबंध जमातीच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली नाव नोंदवलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी न देणे, दाखल्याशिवाय गाव सोडणे, मुक्काम बदलल्याचे न कळवणे यांबद्दल दाखल होणारे गुन्हे. यात कोणाचे काही चोरीला गेलेले नसे, कोणाला मारही बसलेला नसे. शिक्षा मात्र होई आणि ती दप्तरात चढे.

१८७१ चा मूळ कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही तो लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप आले. जुन्या सातारा जिल्ह्यात रामोशी व मांग यांच्यामागे हजेरी लागली. वाळवा, शिराळा, तासगाव हे आज सांगलीत असलेले तालुके तेव्हा याच जिल्ह्यात होते. वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) कादंबरीत या जाचाचे चित्र आहे.

खरी मेख हिशेबात होती. शेजारच्या गावी सोयऱ्याच्या मयतीला जाणे इतरांसाठी गुन्हा नव्हता; नोंदवलेल्या माणसाने दाखला न घेता तेच केले तर खटला उभा राही. १९२४ च्या कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या वेळेची शिक्षा वाढती होती. अशा दोन-तीन शिक्षा साचल्या की कागदावर माणूस सराईत दिसे आणि त्याची जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा म्हणून तोच कागद पुढे करता येई. यादीमुळे गुन्हे घडत आणि त्या गुन्ह्यांनी यादी खरी ठरे. याला तपास म्हणणे कठीण आहे.

असा दुहेरी हिशेब अमेरिकेतही दिसला. तिथे २००८ पासून स्थानिक तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे स्थलांतर खात्याकडे जाऊ लागले. तेव्हा विनापरवाना गाडी चालवण्यासारख्या कारणावरून पकडलेले परदेशीही हद्दपारीच्या यादीत आले. तिथे जातीची नोंद नव्हती, पण वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्याचे वजन नागरिकासाठी एक आणि स्थलांतरितासाठी दुसरे, हा फरक तोच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने जातीऐवजी व्यक्तीच्या शिक्षा मोजायला घेतल्या. पण रात्री संशयास्पद फिरताना सापडलेल्यासाठी मुंबई पोलीस कायद्याचे (१९५१, आता महाराष्ट्र पोलीस कायदा) कलम १२२ आहेच. पालावर राहणाऱ्या, कामासाठी गावोगाव हिंडणाऱ्या पारध्याला अशा कलमाखाली आपण इथे का, हे पटवून देणे पक्के घर असलेल्यापेक्षा अवघड जाते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात सर्व राज्यांना सांगितले, की विमुक्त व मागास समाजांतील निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे सराईतांवर नजर ठेवण्याच्या नोंदीत, यांत्रिकपणे जाऊ नयेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला याच न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.